गाजरगवत आणि जमिनीतल्या विषाचा प्रश्न

मुंबईच्या उपनगरांत पाऊस स्थिरावला की रिकाम्या भूखंडांवर गाजरगवत माजते आणि त्याच्या बुडाशी दुसरे फारसे काही उगवत नाही. हे गवत पुण्यात आढळल्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य इतर बियांचे अंकुरण रोखते, असे प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे.

एक झाड दुसऱ्याला अपाय करते, हे निरीक्षण जुने आहे. अक्रोडाची सावली बाधते, असे पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहून गेला. पिकत्या सफरचंदांतून निघणारा वायू शेजारच्या रोपांवर काय परिणाम करतो, हे तपासणाऱ्या हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये अशा रासायनिक प्रभावाला ‘अ‍ॅलेलोपथी’ हे नाव दिले.

या इतिहासातील सर्वांत बोधक प्रसंग मात्र कॅलिफोर्नियातला आहे. तिथल्या सुगंधी झुडपांभोवती गवताविना उघडा पट्टा राहतो. झुडपांतून उडणारी तैलद्रव्ये गवत मारतात, असे कॉर्नेलियस मुलर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये मांडले आणि ते पटण्याजोगे होते. १९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी त्याच पट्ट्यात जाळीचे पिंजरे लावले, तेव्हा आत गवत उगवले, कारण झुडपांच्या आडोशाने राहणारे उंदीर, ससे आणि पक्षी ते खाऊन टाकत होते. पुढची कितीतरी वर्षे या विषयाकडे संशयानेच पाहिले गेले.

२००० मध्ये रॅगन कॅलवे आणि एरिक अ‍ॅशेहूग यांनी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. युरेशियातून अमेरिकेत पसरलेल्या एका तणाशेजारी त्यांनी दोन्ही खंडांतली गवते वाढवली. तणाच्या मूळ प्रदेशातली गवते बरीच तगली, अमेरिकेतली खुरटली, आणि मातीत सक्रिय कोळसा मिसळून मुळांतली द्रव्ये शोषून घेतल्यावर अमेरिकी गवतांची स्थिती सुधारली. ज्यांनी हे विष पिढ्यान्‌पिढ्या पचवले नाही, त्यांच्यावरच ते चालते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील घाणेरी (लँटाना) या झुडपालाही हीच कसोटी लावायला हवी. तिच्या पानांचा अर्क बशीतल्या बिया रोखतो हे खरे, पण जंगलात तिची दाट सावलीही असते, मातीतले जिवाणू ती द्रव्ये मोडतात आणि कोकणचा पाऊस ती वाहून नेतो. म्हणून तिच्याखालची पडीक माती विषामुळे उघडी आहे की अंधारामुळे, हे जागेवरच्या प्रयोगानेच ठरेल.