डोंगरावर सोडलेली जपानी आई

मुलगा म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन डोंगरावर सोडायला निघतो आणि परतताना लेकरू वाट चुकू नये म्हणून आई फांद्या मोडत जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर ही गोष्ट फिरते ती ‘जपानमध्ये अशी प्रथाच होती’ या शेपटासकट. गोष्ट जपानचीच आहे, शेपूट मात्र खोटं. ‘उबासुते’, म्हणजे म्हाताऱ्यांना डोंगरावर सोडून देणं, ही रूढ प्रथा असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. दुष्काळात कुठे कुणी असं केलंच नसेल, असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ती प्रथा नव्हे. आहेत त्या दंतकथा.

त्यातही दहाव्या शतकातल्या ‘यामातो मोनोगातारी’ या जपानी कथासंग्रहातला माणूस बायकोच्या सांगण्यावरून मावशीला डोंगरावर सोडतो, रात्रभर तळमळतो आणि तिला परत आणतो. लोककथेत तर म्हाताऱ्यांना डोंगरावर सोडायचा सरदाराचा हुकूम असतो, पण मुलगा आईला घरात लपवतो. सरदार राखेचा दोर मागतो, सगळे डोकं खाजवतात. म्हातारी सांगते, दोर मिठाच्या पाण्यात भिजव, वाळव, मग जाळ. पीळ तसाच राहील. सरदार खूश, हुकूम रद्द!

गैरसमजाला बळ दिलं ते ‘नारायामा’च्या कथेने. १९५६ची फुकाझावा शिचिरो यांची कादंबरी, त्यावर १९५८ आणि १९८३चे चित्रपट. दुसऱ्याला कान महोत्सवात पाल्म द’ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार. यातली म्हातारी आई ओरिन बिचारी अजिबात नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरही दात शाबूत म्हणून गाव हसतं, तेव्हा ती दगडाने स्वतःचे दात पाडते. मुलगा कचरतो, डोंगरावर जायची घाई तिलाच. फॉरवर्डमधली डोळ्यांत पाणी आणणारी माउली ती ही नव्हे.