लग्नाचा चुडा : माप पाठवण्याआधी एवढं वाचा

“चुड्याचं माप व्हॉट्सॲपवर पाठवलं तर चालेल ना?” लग्नसराईत रोज हाच प्रश्न. चालेल, पण मोजलं कसं ते आधी सांगा.

बांगडीच्या मापातलं टिंब दशांशाचं नसतं. तो सोळा आण्यांचा जुना हिशेब आहे. 2.4 म्हणजे दोन इंच चार आणे, सरळ सव्वादोन इंच (57 मिमी). 2.6 म्हणजे 60 मिमी, 2.8 म्हणजे अडीच इंच. त्यामुळे 2.10 हे 2.8 पेक्षा मोठं. ‘दोन-दहा’ म्हणा, ‘दोन पॉइंट एक’ नव्हे! दोन मापांत फरक जेमतेम 3 मिमीचा. घरची बांगडी पट्टीवर ठेवून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजली, तर काचेची जाडी दोन्हीकडे 2-2 मिमी धरूनही 4 मिमी वाढतात आणि चुडा एक माप मोठा येतो. आतून आतपर्यंत मोजा. बांगडी काचेचीच घ्या. पेचाची पाटली मनगटावर उघडून घालतात, तिच्यावरून हाताचं माप कळत नाही. ज्या हाताने काम करता तो बहुधा रुंद असतो, तेव्हा माप त्याचंच द्या.

खरं तर नवरीलाच घेऊन या. चुडा ‘घालत’ नाहीत, ‘भरतात’. पूर्वी कासार लग्नघरी यायचा, नवरीसकट घरातल्या सगळ्या सवाष्णींचे हात भरायचा. हात दाबून, अंगठा करंगळीकडे वळवून माप तिथेच ठरायचं. हिरवा रंग सौभाग्याचा, देवीच्या ओटीतही हिरव्या बांगड्या असतात. बांगड्यांची हौस त्याहून कितीतरी जुनी : मोहेंजोदडोच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या नर्तकीचा डावा हात जवळजवळ खांद्यापर्यंत भरलेला आहे.

संख्येवरून वाद नको. आमच्याकडे जास्त मागणी एका हातात 11, दुसऱ्यात 10 अशी असते, पण आपल्या घरची रीत असेल तीच धरा. पाटल्या-तोडे सोबत आणा. काचेच्या 11 बांगड्यांनाच तीन-साडेतीन सेंटीमीटर जागा लागते. सोनं दाटीवाटीने बसलं की कडेची काच पहिली जाते.

मेंदी काढल्यावर निदान एक दिवस जाऊ द्या. ताज्या मेंदीवर साबणाचा हात फिरला की रंग उतरतो, मग आम्ही पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बांगड्या सरकवतो. वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी सात वाजता, हळदीच्या आदल्या दिवशी येऊ नका.

भरलेला किंवा सुटा केलेला चुडा परत घेत नाही. हा हट्ट नाही. फिरोजाबादहून येणाऱ्या मालात प्रत्येक लॉटचा हिरवा थोडा वेगळा असतो, जोड मोडला की उरलेल्या बांगड्या कुणाच्या चुड्यात खपत नाहीत. त्याच कारणाने त्याच लॉटच्या चार बांगड्या जास्तीच्या घेऊन ठेवा. लोकलच्या गर्दीत एखादी वाढलीच, तर महिन्याभराने तसाच रंग आमच्याकडेही मिळेलच असं नाही. चुडा घेतल्यावर भरून देण्याचे पैसे वेगळे नाहीत. सोबतच्या सवाष्णींनाही नाहीत, फक्त किती जणी येणार ते आदल्या दिवशी कळवा.