आंद्रे पॉप : चाल कुणाची, साज कुणाचा

'लव्ह इज ब्लू' ही गाजलेली धून कुणाची, असं विचारलं तर भरपूर ऐकणारी माणसंही फ्रेंच वाद्यवृंदकार पॉल मोरियाचं नाव घेतात. चाल फ्रेंच संगीतकार आंद्रे पॉपची आहे. त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर या गल्लतीपासूनच सुरुवात करावी लागते.

पॉपचा जन्म 1924 चा, पश्चिम फ्रान्समधल्या वांदे भागातला. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या पाद्रीबुवांना सैन्यात बोलावणं आलं आणि त्यांच्या जागी हा पंधरा वर्षांचा मुलगा बसला. पुढे रेडिओवर थेट प्रसारित होणाऱ्या कॅबरे कार्यक्रमाचं संगीत त्याने दहा वर्षं सांभाळलं. तिथे पुन्हा ध्वनिमुद्रण करून चूक सुधारण्याची सोय नव्हती. गायकाच्या पट्टीत गाणं बसवायचं, प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहायचा आणि ठरल्या वेळी वाजवून मोकळं व्हायचं. त्याचा हात तिथे तयार झाला.

1955 मध्ये त्याचं पोर्तुगालच्या धोबिणींवरचं गाणं लोकांच्या तोंडी बसलं. गायक-गीतकार जाक ब्रेल नवखा असताना त्याच्या गाण्यांमागे पॉपचा वाद्यवृंद होता. 1956 मध्ये आली मुलांसाठीची संगीतकथा 'पिकोलो, साक्सो ए कोंपानी'. वाद्यांची एकेक कुटुंबं भेटत जातात आणि बघता बघता ऑर्केस्ट्रा उभा राहतो. मुलांना वाद्यं ओळखायला शिकवणारी इतकी प्रेमळ कृती दुसरी सापडणं कठीण. त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'एल्सा पॉपिंग' या बनावट नावाने त्याने ध्वनिमुद्रणाच्या फितीचा वेग बदलून, ती उलटी फिरवून एक अख्खी तबकडी केली. ध्वनिमुद्रण अभियंता त्यात बरोबरीचा भागीदार होता. विजेवर कृत्रिम आवाज तयार करणारा सिंथेसायझर स्टुडिओत रुळायला अजून बराच अवकाश होता.

आता 'अरेंजर' या शब्दाबद्दल, म्हणजे चालीसाठी वाद्यमेळ लिहिणाऱ्याबद्दल. आपण कधी 'संगीत संयोजक' म्हणतो, कधी सरळ 'अरेंजर', आणि दोन्हींचा अर्थ मनात धूसरच असतो. चाल म्हणजे गाणं आणि बाकीची सजावट, असं आपल्याला वाटतं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याकडच्या वादकांनी नोटेशन लिहिलं, काउंटर मेलडी (मूळ चालीसोबत चालणारी दुसरी धून) रचल्या, इंटरल्यूड (कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे) बांधले, आणि श्रेयनामावलीत बहुतेकदा ते 'सहायक' म्हणून आले किंवा आलेच नाहीत. फ्रान्समधला गुंता वेगळा. तिथे तबकडीवर 'अमुक आणि त्याचा वाद्यवृंद' असं छापायची पद्धत होती. त्यात वाद्यमेळ लिहिणं आणि वादकांसमोर उभं राहून तो वाजवून घेणं ही दोन्ही कामं एकाच नावाखाली झाकली जात. नाव दिसे, पण नेमकं काय केलं ते कळत नसे. त्यामुळे पॉपला 'संगीतकार आणि अरेंजर' म्हणताना त्या 'आणि'ने एका माणसाचे दोन तुकडे होतात. माझ्या मते त्याची चालच वाद्यांच्या अंगाने सुचलेली असते.

युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत त्याच्या 'तोम पिलिबी'ने 1960 मध्ये फ्रान्सला पहिला क्रमांक मिळवून दिला. 1967 मध्ये व्हिएन्नात 'लामूर ए ब्लू', म्हणजेच मूळ फ्रेंच 'लव्ह इज ब्लू', लक्झेंबर्गतर्फे गायलं गेलं आणि चौथं आलं. तिथेच ते विसरलं गेलं असतं. पण मोरियाने त्यातले शब्द काढून टाकले. हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वजाचे टणक, कोरडे सूर, ओबो या सुषिर वाद्याचा एकटा आवाज आणि खालून भरत येणारी व्हायोलिन्स. 1968 च्या फेब्रुवारीत हे वादन अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि पाच आठवडे तिथेच राहिलं.

यावरून दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, धून मोरियाने घडवली. दुसऱ्याचं, चालच इतकी पक्की होती की कुणीही वाजवली असती तरी चालली असती. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण त्याच वर्षी एका इंग्रज रॉक गिटारवादकाने ती आपल्या ढंगात वाजवली आणि तिथेही ती टिकली. तरीही मोरियाचा वाटा कमी लेखता येत नाही. तो स्वतः मुरलेला अरेंजर होता, आणि या चालीत शब्दांवाचून उभं राहायची ताकद आहे हे त्याने ओळखलं. आयुष्यभर इतरांच्या चालींना साज चढवणाऱ्या पॉपची सर्वांत गाजलेली चाल जगभर गेली ती दुसऱ्याच्या साजात.

नंतरही असंच घडत राहिलं. त्याच्या 'मांचेस्टर ए लिव्हरपूल'ची चाल सोव्हिएत टीव्हीवर हवामानाच्या अंदाजामागे वाजत असे. लाखो घरांत ती पाठ होती, करणारा कोण हे विचारण्याचं कुणाला कारण नव्हतं. 2006 मध्ये 'पिकोलो, साक्सो'वर ॲनिमेशनपट आला. 2014 मध्ये पॉप गेला.

'लव्ह इज ब्लू'ची जुनी तबकडी हातात आली तर तिचं लेबल बघा. मोरियाचं नाव ठळक असतं. गाण्याच्या नावाखाली, कंसात, बारीक अक्षरात पॉप असतो, आणि त्याच्या शेजारी गीतकार, ज्याचा एकही शब्द त्या तबकडीवर नाही.