कोकण किनाऱ्यावरील रेडिओ-नियंत्रित विमानांच्या विद्युत मोटरी : निगा आणि बदल

रेडिओ-नियंत्रित (आरसी) मॉडेल विमानाच्या नाकात बसवलेली, लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर चालणारी छोटी मोटर प्रोपेलर फिरवते. ती सुस्थितीत ठेवणे आणि गरज पडली तर तिच्या जागी वेगळ्या आकाराची किंवा वेगळ्या वेढ्यांची मोटर बसवणे, हे या छंदातले अर्धे कसब. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्टीत हे कसब नव्याने शिकावे लागते. घाटावरच्या कोरड्या माळावर हंगामामागून हंगाम बिनतक्रार चालणारी मोटर इथे एका पावसाळ्यात गंजून बसू शकते. त्यामुळे नवी मोटर किती ताकदीची, या प्रश्नाच्या आधी ती खाऱ्या हवेत किती टिकेल, हा प्रश्न येतो. या नोंदीत निगा आधी आणि बदल नंतर घेतला आहे, तो याच कारणाने.

विजेवर चालणाऱ्या आरसी विमानाचे पहिले नोंदलेले उड्डाण ३० जून १९५७ रोजी ब्रिटनमध्ये झाले. कर्नल एच. जे. टॅपलिन यांच्या ‘रेडिओ क्वीन’ या विमानात चांदी-जस्त बॅटरी होती. त्यानंतर कित्येक दशके मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांचेच राज्य होते, कारण निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वजनाने जड पडत. १९८० च्या दशकात आलेली निओडिमियम चुंबके आणि पुढे स्वस्त झालेल्या लायपो बॅटऱ्या यांनी चित्र पालटले.

रचना : आज बहुतेक विमानांत ब्रशलेस ‘आउटरनर’ मोटर असते. मधला स्टेटर स्थिर असतो. सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांची चवड, तिला बहुधा १२ दात आणि प्रत्येक दाताभोवती एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे, अशी त्याची बांधणी. बाहेरची वाटी (बेल) आतून चिकटवलेल्या, बहुधा १४, चुंबकांसह फिरते. दात आणि चुंबक यांच्यातली फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते. मोटरचा आकार चार अंकांनी सांगतात. २२१२ म्हणजे स्टेटरचा व्यास २२ मिमी आणि उंची १२ मिमी. काही उत्पादक मात्र बाहेरचे माप छापतात, म्हणून विकत घेताना वजनही पाहावे. दुसरा आकडा केव्हीचा, म्हणजे बिनभाराची मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेते त्याचा. १००० केव्हीची मोटर तीन सेलच्या ११.१ व्होल्ट बॅटरीवर बिनभाराने सुमारे ११,१०० फेरे घेते. प्रोपेलर लावला की हा आकडा बराच उतरतो. खेळण्यातल्या विमानांत अजून कार्बन ब्रशच्या मोटरी दिसतात. त्यांचे ब्रश झिजतात, कॉम्युटेटर काळवंडतो आणि ताकद जाते. अशा मोटरीवर खर्च करण्यापेक्षा ब्रशलेस मोटर आणि तिचा ईएससी (मोटरीचा वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवणे शहाणपणाचे.

किनारा मोटरीला काय करतो : आउटरनर थंड राहते ती तिच्यातून वाहणाऱ्या हवेमुळे, त्यामुळे ती बंदिस्त करता येत नाही. समुद्राची हवा थेट वेढ्यांवरून आणि बेअरिंगांवरून जाते. मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओले होते, आणि कोकणात पहाटे ही मर्यादा वर्षातले बरेच दिवस ओलांडली जाते. म्हणून मोटर पाण्यात पडली नाही तरी तिच्यावर खारटाचा ओला थर धरतो. बेअरिंगच्या गोळ्या, शाफ्टला (मधल्या दांड्याला) अडकवलेली छोटी क्लिप, ग्रब स्क्रू (डोके नसलेला छोटा स्क्रू) आणि स्टेटरच्या पत्र्यांच्या उघड्या कडा यांना गंज आधी लागतो. निओडिमियम चुंबकांना निकेलचा मुलामा असतो. तो एकदा खरवडला गेला की आतला धातू फुगून सुटू लागतो, आणि पाव मिलिमीटरच्या फटीत तेवढे फुगणेही स्टेटरला घासायला पुरते.

दुसरा शत्रू वाळूत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, नेवरे, मालगुंड, पूर्णगड या किनाऱ्यांच्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड काळी खनिजे आढळतात. मॅग्नेटाइट चुंबकाला झडप घालून चिकटते. पुळणीवर विमान नाकावर उतरले की ही काळी बारीक वाळू वाटीत शिरते, चुंबकांवर दाढीसारखी उभी राहते आणि पुढच्या उड्डाणात एनॅमल खरवडते. फुंकर मारून ती निघत नाही. पुळणीवर उतरायचेच असेल तर मोटर बंद करून, प्रोपेलर थांबल्यावर उतरावे. त्याहून बरा उपाय म्हणजे सड्यावर जाणे.

जांभ्या दगडाचे हे सपाट, झाडे नसलेले सडे विमान उडवायला उत्तम. जांभ्याचा तांबडा धुरळाही लोहाचा असतो, पण तो काळ्या वाळूइतका चुंबकाला धरून बसत नाही आणि ब्रशने झटकला जातो. सड्याचा तोटा वेगळा. खडबडीत कातळावर उतरताना प्रोपेलर आणि शाफ्ट वाकतात. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी अशा सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली आहेत. त्या खोदचित्रांवर विमान उतरवू नये, गाडी तर मुळीच नेऊ नये. ती काही हजार वर्षे टिकून आहेत आणि आपल्याला दुसरा सडा सहज सापडतो.

निगा : उड्डाण संपल्यावर आधी बॅटरी काढावी आणि मगच मोटरीला हात लावावा. चालू बॅटरीला जोडलेला प्रोपेलर बोटे तोडू शकतो. मिनिटाभरात मोटरीला बोट लावून पाहावे. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर तापमान ६० अंशांच्या आसपास किंवा पुढे आहे. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची सुरक्षित मर्यादा सुमारे ८० अंश सेल्सियस असते आणि आतले वेढे बाहेरच्या वाटीपेक्षा बरेच गरम असतात. मे महिन्यात हवाच तेहतीस-चौतीस अंश असते, त्यामुळे जानेवारीत निर्धास्त चालणारी जोडणी उन्हाळ्यात मर्यादेवर येते.

समुद्रकाठी उडवल्यावर त्याच संध्याकाळी मोटर पुसणे हा या किनाऱ्यावरचा पहिला नियम मानावा. उघडता येत असेल तर शाफ्टची क्लिप किंवा ग्रब स्क्रू काढून वाटी सरळ ओढावी. चुंबकांना चिकटलेली वाळू मळलेल्या कणकेसारख्या पुट्टीने किंवा चिकटपट्टीच्या उलट्या बाजूने टिपून घ्यावी. टोकदार पिनेने खरवडल्यास मुलामा जातो. मोटर खाऱ्या पाण्यात पडली असेल तर वेळ दवडू नये. बॅटरी लगेच सोडवावी, मोटर गोड्या पाण्यात बुडवून हाताने फिरवत धुवावी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने खळबळून वाळवावी. किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरींचे पाणी मचूळ असते. ते वापरले तर मीठ जाऊन मीठच राहते. गाडीच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी गॅरेजमध्ये स्वस्तात मिळते, तेच शेवटच्या धुण्याला घ्यावे.

वाळल्यावर प्रत्येक बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकाने. जास्त तेल वाटीत उडते आणि धुरळा धरते. घरात खोबरेल हाताशी असते म्हणून ते घालण्याचा मोह होतो, पण ते २४-२५ अंशांखाली थिजते आणि पुढे चिकट होते. पाणी हटवणारे फवारे धुतल्यानंतर उपयोगी पडतात खरे, पण ते बेअरिंगमधले ग्रीस विरघळवतात. त्यामुळे फवाऱ्यानंतर पुन्हा तेल द्यावेच लागते.

बेअरिंग खरखरू लागले की दुरुस्ती नाही, बदलच. त्याच्या कडेवरचा क्रमांक वाचून तेच माप मागवावे आणि शक्य असेल तिथे धातूच्या झाकणाऐवजी रबरी सीलचे घ्यावे. रबरी सील किंचित घर्षण वाढवते. किनाऱ्यावर तेवढी किंमत मोजणे योग्य. नवे बेअरिंग बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यावा, आतल्या कड्यावर दाबले तर गोळ्यांच्या चरीत खड्डे पडतात. ग्रब स्क्रूला आणि माउंटच्या स्क्रूंना मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारे चिकटद्रव्य) लावावे, कारण पावसाळ्यात फायरवॉलचे, म्हणजे मोटर ज्यावर बसते त्या नाकातल्या फळीचे, प्लायवुड फुगते आणि हिवाळ्यात आकसते, तसे स्क्रू सैल होतात. फायरवॉलच्या कापलेल्या कडांना आधीच पातळ इपॉक्सी पाजले तर हा त्रास फार कमी होतो. होड्या बांधणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही.

मोटर थकल्याची लक्षणे : वाटी हाताने फिरवावी. चुंबकाचे ठोके सारखे जाणवून ती मोकळी फिरली तर ठीक. तिन्ही तारा एकमेकींपासून सुट्या असूनही कोणीतरी धरून ठेवल्यासारखी जड लागली तर आत वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले आहेत. मल्टिमीटरने तार आणि स्टेटर यांच्यात जोड दाखवला तर एनॅमल गेले. तारांच्या जोड्यांतला रोध इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरला फरक कळत नाही. त्याऐवजी मोटरीचा शाफ्ट ड्रिलमध्ये धरून ठरावीक वेगाने फिरवावा आणि दोन-दोन तारांमधला एसी व्होल्ट मोजावा. तीनही जोड्यांत तो सारखा यायला हवा.

नवी मोटर घेतल्याच दिवशी, प्रोपेलर न लावता, ठरलेल्या व्होल्टला ती किती अँपिअर घेते ते वहीत लिहून ठेवावे. चुंबके तापून अशक्त झाली की मोटरीचे केव्ही वाढते. बिनभाराने ती जास्त जोरात फिरते, जास्त प्रवाह घेते, आणि विमान मात्र पूर्वीसारखे चढत नाही. वेग वाढलेला पाहून मोटर उत्तम चालते आहे असा समज होतो, तो खोटा असतो.

बदल : कोकणात मोटर बदलण्याचे रास्त कारण म्हणजे वारा. पहाटे जमिनीवरून मतलई वारा हलका असतो. दुपारी खारे वारे जोर धरतात, आणि तेव्हा एक किलोचे हलके फोमचे विमान पुढे जायचे सोडून जागच्या जागी लटकते. इथे ताकद कमी पडते असे वाटते, पण पुष्कळदा कमी पडतो तो प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबाने जितका पुढे सरकेल ते अंतर. प्रोपेलरच्या मापात पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा. १०×४.५ इंची प्रोपेलर मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर त्याचा पिच-वेग ताशी सुमारे ५५ किमी होतो. तेवढ्याच फेऱ्यांवर १०×७ चा प्रोपेलर ८५ किमी देतो. तो फिरवायला मात्र बराच जास्त प्रवाह लागतो, आणि २२१२ आकाराची मोटर तो फार वेळ सोसत नाही.

अशा वेळी तीन सेलऐवजी चार सेलची बॅटरी लावणे हा सोपा वाटणारा मार्ग. प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. व्होल्ट ४/३ पट झाले तर ढोबळमानाने प्रवाह १.७८ पट आणि शक्ती २.४ पट होते. तांब्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त. तीन सेलवर १६ अँपिअर घेणारी जोडणी चारवर २८ मागते. हे उन्हाळ्यात, मिठाने आधीच दुबळ्या झालेल्या मोटरीकडून मागणे म्हणजे वेढे जाळणे.

योग्य बदल मोठ्या स्टेटरचा आणि कमी केव्हीचा. २२१२ ऐवजी २८१४ घेतली तर वजन सुमारे ५० ग्रॅमवरून दुपटीवर जाते, पण तोच प्रवाह तिला गरम करत नाही, आणि थंड चालणाऱ्या मोटरीचे एनॅमल आणि चुंबके जास्त जगतात. तिचे बेअरिंग आणि शाफ्टही जाड असतात. नाक जड झाल्याने बॅटरी मागे सरकवून गुरुत्वमध्य पूर्वीच्या जागी आणावा. प्रशिक्षणाच्या विमानाला किलोमागे सुमारे १५० वॉट आणि कसरतीच्या विमानाला २२० च्या पुढे, हा जुना हिशेब धरून चालता येते. वाऱ्यासाठी मधला आकडा घ्यावा. बसवल्यावर वॉटमीटर लावून पूर्ण थ्रॉटलचा प्रवाह मोजावाच. ईएससी त्या प्रवाहाहून किमान चौथ्या हिश्श्याने मोठा असावा. एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट : माउंटचे स्क्रू लांब असतील तर ते मागून आत शिरून वेढ्यांना भिडतात. कसण्यापूर्वी मोटरीच्या बुडाशी त्यांची लांबी धरून पाहावी.

जळलेली मोटर टाकून देण्याआधी तालुक्याच्या बाजारातले मोटर वाइंडिंगचे दुकान आठवावे. विहिरीच्या पंपांच्या मोटरी भरणाऱ्या या कारागिरांकडे एनॅमलची तार, इन्सुलेशनचा कागद आणि व्हार्निश असतेच. आउटरनरचे दात लहान असले तरी नेमका क्रम लिहून दिला तर हात त्यांचाच बसलेला असतो. केव्ही वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दाताला १२ वेढ्यांची १००० केव्हीची मोटर १४ वेढ्यांनी भरली तर ती सुमारे ८६० होते. तिन्ही वेढ्यांची डेल्टा (त्रिकोणी) जोडणी बदलून स्टार (एका बिंदूत मिळणारी) केली तर केव्ही १.७३ ने भागले जाते. भरल्यानंतर व्हार्निशचा पूर्ण हात देऊन घ्यावा. किनाऱ्यावर हा थर कारखान्याच्या थरापेक्षा जाड असलेला चांगला.

जागा आणि नियम : २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमाने येतात. छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायची, २५ किलोपर्यंतची, अशी त्यांची व्याख्या आहे. हिरव्या क्षेत्रात सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच. सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दल वापरते. तेव्हा परुळे किंवा रत्नागिरीच्या आसपासचा सडा निवडताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्रांचा नकाशा आधी पाहावा.

पावसाळी साठवण : जून ते सप्टेंबर उड्डाण जवळजवळ बंद असते आणि मोटरीचे सर्वाधिक नुकसान याच बंद महिन्यांत होते. मोटर विमानावरून उतरवून, धुऊन, तेल देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. जेल ओले झाले की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घालता येते. लायपो सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून वेगळ्या जागी ठेवावेत, मोटरीच्या डब्यात नाही. मधूनमधून डबा उघडून वाटी हाताने फिरवावी, म्हणजे बेअरिंगमधले तेल एका जागी बसत नाही. ऑक्टोबरात विमानावर चढवण्यापूर्वी बिनभाराचा प्रवाह पुन्हा मोजून वहीतल्या आकड्याशी ताडावा. तो वाढलेला असेल तर आधी बेअरिंग तपासावे, मग चुंबके.