डोमेन आमच्याकडे हलवताय? कोड नंतर, झोन फाइल आधी

'कोड पाठवतो, आजच करून टाका.' डोमेन हलवायला येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला मेसेज हाच असतो. कोड म्हणजे डोमेन एका कंपनीकडून दुसरीकडे नेताना लागणारा ट्रान्सफर कोड. आमचं उत्तरही ठरलेलं आहे: कोड राहू द्या, आधी झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या नोंदींची यादी, पाठवा, नाहीतर जुन्या कंपनीच्या पॅनेलचं लॉगिन द्या. मग विचारणा होते, की बाकीचे नुसत्या कोडवर करून देतात, तुम्हालाच जुन्या पॅनेलचं लॉगिन कशाला हवं? प्रत्येकाला फोनवर अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

कोडने बदलतो तो फक्त रजिस्ट्रार. म्हणजे डोमेन कोणाच्या दप्तरी नोंदलेलं आहे आणि नूतनीकरणाचे पैसे कोणाला भरायचे, एवढंच. वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर आहे, मेल गूगलकडे जायचा की मायक्रोसॉफ्टकडे की झोहोकडे, हे नेमसर्व्हरवरची (डोमेनबद्दल विचारणाऱ्याला पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवरची) झोन फाइल सांगते. सोसायटीच्या खाली लावलेली नावांची पाटी असते तशीच ती: आलेला माणूस ती बघूनच वर जातो. गोम अशी, की बऱ्याच कंपन्या ही पाटी डोमेनसोबत फुकट देतात आणि डोमेन त्यांच्याकडून गेलं की उतरवून ठेवतात. कोणी त्याच दिवशी, कोणी आठवड्याभराने. कळवत कोणी नाही.

वेबसाइट दिसते, मेल येत नाही

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो या एका चुकीपायी. ग्राहक स्वतःच जुन्या पॅनेलमध्ये जाऊन आमचे नेमसर्व्हर टाकतो. तासाभरात साइट उघडते, म्हणून काम झालं असं सगळे धरून चालतात. मेल गूगलवर असेल तर जाणारे मेलही व्यवस्थित जात असतात, त्यामुळे ऑफिसात कोणाला शंका येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एखादी पार्टी फोन करते, 'काल ऑर्डर पाठवली, उत्तर का नाही?'

आत घडलेलं असतं ते असं. नव्या झोनमध्ये एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणारी ओळ) नसेल, तर पाठवणारा सर्व्हर वेबसाइटच्याच पत्त्यावर मेल नेऊन टाकायला बघतो. तिथे तुमच्या नावाचा मेलबॉक्स नसतो आणि मेल तिथल्या तिथे परत जातो. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण पाठवणाऱ्याला निदान कळतं. दुसरा प्रकार वाईट. होस्टिंगच्या पॅनेलने आपल्या आपण एक एमएक्स नोंद तयार केलेली असते, ती त्याच सर्व्हरकडे बोट दाखवते आणि तिथे तुमच्याच नावाचा रिकामा मेलबॉक्सही असतो. मेल परत जात नाही, तुम्हालाही मिळत नाही. कोणी कधी उघडत नाही अशा खोक्यात साचत राहतो.

एमएक्स दुरुस्त केल्यावरही एक कोपरा राहतोच. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' लोकलवर राहिलं असेल, तर बाहेरचे मेल बरोबर येतात, पण वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचे मेल सर्व्हर स्वतःपाशीच ठेवतो. ते रिमोटवर करावं लागतं. चौकशा कमी झाल्या म्हणून जाहिरातवाल्याला दोष देण्याआधी हे बघून घ्या.

झोन फाइल कशी काढायची

जुन्या पॅनेलमध्ये 'डीएनएस मॅनेजमेंट' किंवा 'झोन एडिटर' शोधा. एक्स्पोर्टचं बटण असेल तर फाइल काढा आणि पाठवा, विषय संपला. बटण नसेल तर स्क्रीनशॉट चालतील, पण प्रत्येक नोंद उघडून. यादीत लांब मजकूर शेवटी टिंबं देऊन कापलेला असतो आणि नेमकी तीच ओळ महत्त्वाची निघते. डीकेआयएमची (मेल खरंच तुमच्याकडून गेला हे दाखवणाऱ्या सहीची) २०४८ बिटांची किल्ली साधारण ४०० अक्षरांची असते. टीएक्सटी या मजकुराच्या नोंदीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, म्हणून ती दोन तुकड्यांत टाकावी लागते. अर्धीच किल्ली चढली तर मेल जातो खरा, पण सही जुळत नाही आणि तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं.

एसपीएफची (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी) ओळ एकच असायला हवी. दोन झाल्या तर पडताळणी चूक दाखवते आणि दोन्ही वाया जातात. जुन्या गूगल खात्यांत एमएक्सच्या पाच ओळी असतात, नव्यांत एकच. दोन्ही चालतात, तेव्हा पाच दिसल्या म्हणून चार उडवू नका.

'हे सगळं बाहेरून दिसतं ना, तुम्हीच बघा की!' काही दिसतं, सगळं नाही. मुख्य नावाच्या नोंदी कोणीही विचारू शकतो. सबडोमेनची (मुख्य नावाच्या आधी जोडलेल्या उपनावांची) यादी मात्र बाहेरून मागता येत नाही. नाव माहीत असेल तरच उत्तर मिळतं. मस्जिद बंदरच्या पेढीत बसलेल्या माणसाला ईआरपीचं सबडोमेन आठवतं, भिवंडीच्या गोदामातले कॅमेरे तिसऱ्याच एका नावावर चालतात हे आठवत नाही. आठवण येते ती कॅमेरे बंद पडल्यावर. लॉगिन मागतो ते एवढ्यासाठीच. ते द्यायचं नसेल तर जरूर देऊ नका, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवा, आम्ही उतरवून घेतो.

आमचा क्रम असा का

डोमेन जुन्याच रजिस्ट्रारकडे असताना आम्ही झोनची नक्कल आमच्या नेमसर्व्हरवर चढवतो, प्रत्येक नोंद पडताळतो, मग नेमसर्व्हर बदलतो आणि सगळ्यात शेवटी ट्रान्सफर लावतो. उलट केलं तर ट्रान्सफर 'पेंडिंग' असताना नेमसर्व्हर बदलता येत नाहीत. तेवढ्यात जुनी झोन गेली, तर हातावर हात ठेवून बसायची वेळ येते.

नेमसर्व्हर बदलण्याच्या आदल्या दिवशी जुन्या नोंदींचा टीटीएल (एकदा विचारलेली नोंद इतर सर्व्हर किती वेळ जपून ठेवतात तो काळ) ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणतो. पण डॉट कॉमच्या रजिस्ट्रीकडे (सगळ्या डॉट कॉम नावांच्या मूळ नोंदवहीत) नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास आहे; तो कोणालाच कमी करता येत नाही. तेवढा काळ काहीजण जुन्या पाटीवर जाणार, काही नव्या. म्हणून जुनं होस्टिंग सात दिवस चालू ठेवायला सांगतो. त्यात आमचा काही फायदा नाही, पैसे तर जुन्या कंपनीला जातात.

डीएनएससेक (नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर डीएस नोंद (ती सही पडताळण्यासाठी रजिस्ट्रीकडे ठेवलेली) आधी काढून एक दिवस थांबावं लागतं. ती राहिली तर पडताळणी करणाऱ्या नेटवर्कवर साइट आणि मेल दोन्ही बंद, बाकीच्यांकडे सुरू. अशी तक्रार शोधण्यात अख्खा दिवस जातो.

बदल आम्ही शनिवारी संध्याकाळी करतो. ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटी भरणाऱ्यांचं डोमेन हलवत नाही, कारण पोर्टलचा ओटीपी मेलवरही येतो.

आता कोड

जुन्या पॅनेलमध्ये डोमेनचं ट्रान्सफर लॉक काढा, कोड घ्या आणि मजकूर म्हणून पाठवा. फोटो नको, त्यात शून्य आणि इंग्रजी ओ ओळखू येत नाही. जुनी कंपनी 'तुम्हीच मागितलंय का' असा मेल पाठवते. त्यात मंजुरीचं बटण असेल तर दाबा, काम लवकर होतं. काहीच केलं नाही तरी पाच दिवसांनी डोमेन आपोआप येतं. घाबरून 'रद्द' मात्र दाबू नका.

डॉट कॉम नोंदवून किंवा आधीच्या ट्रान्सफरला ६० दिवस झाले नसतील तर थांबावं लागतं. मालकाचं नाव किंवा ईमेल बदलल्यावरही बहुतेक रजिस्ट्रार ६० दिवसांचं कुलूप लावतात. तेव्हा डिझायनरच्या नावावरचं डोमेन स्वतःच्या नावावर करायची घाई ट्रान्सफरच्या आधी करू नका. आधी इथे आणू, मग नाव बदलू. आणि तो डिझायनर गणपतीला गावी जायच्या आत कोड काढून घ्या, नंतर दहा दिवस त्याचा फोन लागत नाही.

उरलेले महिने बुडत नाहीत. डॉट कॉमच्या ट्रान्सफरमध्ये आहे त्या मुदतीत एक वर्ष वाढतं, कमाल दहा वर्षांपर्यंत. अपवाद एकच: मुदत संपल्यावर जुन्या कंपनीकडे नूतनीकरण केलं आणि मुदत संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत हलवलं, तर ते भरलेलं वर्ष हातचं जाऊ शकतं. म्हणून मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी या. डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे. तिथेही कोड लागतोच, शिवाय मालकाचं नाव पॅनवर आहे तसंच ठेवा, केवायसीत अडणार नाही.

झोनची नक्कल, शनिवारचा बदल आणि पुढचे सात दिवस मेलवर लक्ष ठेवणं हे सगळं आमच्या ट्रान्सफरच्या दरात धरलेलं आहे, वेगळं बिल नाही. नुसत्या कोडवर करून देणाऱ्यांचा दर आमच्यापेक्षा कमी आहे, हे खरं. व्हॉट्सॲपवर डोमेनचं नाव, मेल कोणाकडे आहे ते आणि मुदतीची तारीख एवढं पाठवा. झोन फाइल जोडली असेल तर त्याच दिवशी वेळ कळवतो.