वापरलेली परफॉर्मन्स कार घेतलीत? आधी काय करायचं, मग काय

सेकंडहँड परफॉर्मन्स कार घेऊन पहिल्यांदा आमच्या गॅरेजमध्ये येणारे ग्राहक बहुतेक वेळा रंगाचं विचारतात. बंपरवर दगडांनी उडालेले टवके, घासलेली व्हीलं, पिवळट हेडलाइट. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. पण आमची पहिली विनंती एवढीच, की रंगाचं काम थोडं मागे ठेवा. विकण्याआधी गाडी चकाचक करून घेणं स्वस्त पडतं, टायमिंग बेल्ट बदलणं महाग पडतं. त्यामुळे वरून कीर्तन, आतून तमाशा अशा गाड्या बाजारात पुष्कळ असतात. शिवाय आज रंगवलेला बंपर पुढच्या महिन्यात ऑइल कूलरची गळती काढायला उतरवावा लागला, तर दोन्ही कामांचं वाटोळं होतं.

टायर : नक्षीआधी वय बघा

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ कोरलेली असते. तिच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. हे चार अंक बऱ्याचदा एकाच बाजूवर असतात. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली टॉर्च मारून आतल्या बाजूला बघा.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की अशा गाड्या वर्षाकाठी फार चालत नाहीत. नक्षी भरपूर शिल्लक असते, रबर मात्र कडक पडलेलं असतं. ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावेपर्यंत ते कळत नाही. सहा वर्षं उलटली की दरवर्षी तपासून घ्या. दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढा. नक्षीच्या खाचांमध्ये १.६ मिमी उंचीच्या बारीक पट्ट्या असतात आणि टायर तिथवर झिजला की तो संपला. रुंद टायरची पाण्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी ढिली होते, म्हणून आम्ही ३ मिमीलाच बदलायला सांगतो.

टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून बघा. या गाड्यांची चाकं वरच्या बाजूने आत झुकवलेली असतात, त्यामुळे बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात. तसं आढळलं तर नुसते टायर बदलून भागत नाही. आधी सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे) आणि लिंक (दांडे) तपासायचे, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम, करायचं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर भुर्दंड पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचला बसतो. पोर्शसाठी ‘एन’ आणि पुढे अंक, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, अशा खुणा टायरवर असतात. त्या खुणेचा टायर मिळत असेल तर तोच घ्या.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ आहे. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर कॅलिपर तापले की असं जुनं ऑइल उकळतं, पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल खाली जातं. जुन्या मालकाने ऑइल कधी बदललं याची पावती नसेल तर बदलून टाका, आणि पुढे दर दोन वर्षांनी.

डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नख फिरवा. तिथे कंगोरा लागला तर डिस्क झिजली आहे. कमीत कमी जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, आम्ही मोजून सांगतो. छिद्रांच्या डिस्कला छिद्राभोवती केसाएवढ्या बारीक चिरा पडतात. एक चीर दुसऱ्या छिद्रापर्यंत किंवा कडेपर्यंत पोचली की डिस्क बदलायची. सकाळी गार असताना पॅड किंचाळतात ही तक्रार नेहमीची आहे, आणि जास्त तापमानासाठी बनवलेल्या पॅडचा तो स्वभावच असतो. किंचाळणं चालेल, खरखर चालणार नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स

‘कालच सर्व्हिसिंग केलंय’ असं विकणाऱ्याने सांगितलं तरी ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर आम्ही कापून बघतो, कारण त्याच्या कागदाच्या घडीत धातूचे चमकणारे कण दिसले तर इंजिन आतून झिजतंय, आणि पुढचं बोलणं वेगळं होतं. ऑइल निवडताना नुसतं ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० असा दाटपणाचा आकडा बघू नका. मॅन्युअलमध्ये कंपनीच्या मान्यतेचा क्रमांक असतो, तोच डब्यावर असायला हवा. टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं, म्हणून लेव्हल अधूनमधून बघत जा. अनेक गाड्यांना आता ऑइलची पट्टीच नसते, लेव्हल स्क्रीनवर शोधावी लागते. पहिल्याच दिवशी ती कुठे दिसते ते शोधून ठेवा.

कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं नाही. ऑइल गरम व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. ऑइलचा वेगळा काटा असेल तर ८० अंश होईपर्यंत पाय हलका ठेवा. जोरात पळवून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, म्हणजे टर्बो गार होतो.

टायमिंग बेल्ट किलोमीटरवर जातो तसा वर्षांवरही जातो. कमी चाललेली पण जुनी गाडी इथेच फसवते. पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चाला. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बेल्टऐवजी चेन असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला कान द्या. खडखड सुरुवातीचे काही सेकंद टिकत असेल तर व्हिडिओ काढून आणा, कारण आमच्याकडे पोचेपर्यंत गाडी गरम होते आणि आवाज गायब होतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं. इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचतो. पिकअप मंद वाटणं, गार असताना इंजिन थरथरणं ही त्याची लक्षणं. टाकीत ओतायच्या औषधाने हे साफ होत नाही, कारण ते औषध त्या व्हॉल्व्हपर्यंत जातच नाही. इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारावा लागतो.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिकसाठी साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. आम्ही तिचं ऐकतो.

गाडीचं रिमॅप, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, झालं आहे का, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. रिमॅप वाईटच असतं असं नाही. पण सॉफ्टवेअरने ताकद वाढवली आणि क्लच, कूलिंग जसंच्या तसं राहिलं तर बिल तुमच्या नावावर येतं. विमा कंपनीलाही बदल कळवावे लागतात. न कळवता क्लेम केला तर तो अडकू शकतो.

आता रंग

कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचा. चमक, उन्हापासून बचाव, सगळं त्याच थरात असतं, आणि मशीन पॉलिशमध्ये दर वेळी त्यातले काही मायक्रॉन जातात. गेलेले परत येत नाहीत. म्हणून आम्ही आधी गेजने जाडी मोजतो. एखाद्या पॅनलवर ३०० दिसलं तर तो पुन्हा रंगवलेला आहे. ८०च्या खाली दिसलं तर कुणीतरी आधीच भरपूर रबिंग केलंय, आणि तिथे आम्ही मशीन लावत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरी. प्लॅस्टिकच्या बंपरवर हा साधा गेज चालत नाही, तिथे नजरच लागते.

उन्हात दिसणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं रेघांचं जाळं बहुतेक धुण्यातूनच येतं. मळका स्पंज, कोरड्या फडक्याने धूळ झटकणं, पंपावरचे फिरते ब्रश. ते पॉलिशने जातं, पण धुण्याची पद्धत तीच राहिली तर काही महिन्यांत पुन्हा उमटतं. आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ सोडवा, मग दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळायची. पुसायला जाड मायक्रोफायबर वापरा. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशच्या हाताबाहेर गेला.

सिरॅमिक कोटिंग की फिल्म? सिरॅमिकचा थर इतका पातळ असतो, की त्याने दगड अडत नाहीत. गाडी धुणं सोपं होतं आणि चमक टिकते, एवढंच. टवके थांबवायचे तर १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म हवी. दोन्हींच्या खाली जे असेल ते तसंच राहतं, त्यामुळे रंगाची दुरुस्ती आधी. पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर फिल्म लावायची तर जपून, कारण पुढे ती काढताना कच्चा रंग सोबत निघतो.

टवक्यांसाठी टचअप करता येतो. रंगाचा कोड गाडीच्याच स्टिकरवर मिळतो, बहुधा दाराच्या चौकटीत. टवका साफ करून बारीक काडीने ठिपका भरायचा. तो लपतो, नाहीसा होत नाही. अजिबात दिसू नये असं वाटत असेल तर अख्खा बंपर रंगवावा लागतो, आणि मेटॅलिक रंगात शेजारच्या पॅनलवरही रंग विरवत न्यावा लागतो. आमचं मत विचाराल तर मूळ रंगावरचे चार टवके परवडले. मॅट रंगाला पॉलिश आणि मेण, दोन्ही वर्ज्य.

व्हीलचा चकचकीत पृष्ठभाग लेथवर कातलेला असेल तर दर दुरुस्तीत धातूच कमी होतो, म्हणून ते काम एखाद-दोनदाच करता येतं. तडा गेलेलं व्हील वेल्डिंग करून द्या, असं कुणी सांगितलं तर आम्ही नाही म्हणतो. हेडलाइट घासून स्वच्छ होतात, पण घासताना उन्हापासून वाचवणारा थरही जातो. वरून नवा थर दिला नाही तर काच लवकरच पुन्हा पिवळी पडते. सीटच्या बाजूच्या उंचवट्यावर चामड्याचा रंग उडाला असेल तर तो पुन्हा भरता येतो. चामडंच फाटलं असेल तर तेवढा तुकडा बदलावा लागतो.

गाडी उभी राहणार असेल तर

दर आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करू नका. तेवढ्यात इंजिन तापत नाही, एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं आणि बॅटरीचाही खर्च भरून निघत नाही. बॅटरीला मेंटेनर चार्जर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, किंवा गाडी बाहेर काढून अर्धा तास नीट चालवा.

पहिल्या तपासणीला येताना सर्व्हिस बुक, जुन्या पावत्या आणि दोन्ही चाव्या आणा. व्हीलच्या लॉक नटची चावी डिकीत आहे का तेही आदल्या दिवशी बघा. ती बहुधा स्टेपनीच्या खाचेत किंवा टूल किटमध्ये असते. सापडली नाही तर फोन करून कळवा, म्हणजे नट काढायचं साधन आम्ही तयार ठेवू.