जुन्या खेळांचे नवे रूप : चाहत्यांनी केलेल्या ग्राफिक्स सुधारणांची पार्श्वभूमी

मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना गोव्यात सायबरएज योजना राबवली गेली, अकरावीच्या विद्यार्थ्यांना नाममात्र रकमेत संगणक मिळू लागले आणि फोंडा, डिचोली, पेडणे भागांतील कितीतरी घरांत पहिला संगणक या वाटेने आला. अभ्यासासाठी आलेल्या त्या यंत्रावर खेळही आलेच. वेगळे ग्राफिक्स कार्ड क्वचितच कोणाकडे असे, त्यामुळे ‘जीटीए सॅन अँड्रियास’ खेळायचा तर रिझोल्यूशन ६४० बाय ४८० वर उतरवून आणि सावल्या बंद करूनच. त्या वयात हा खेळ खेळलेली माणसे आज तोच खेळ नव्या संगणकावर लावतात तेव्हा पावसाने ओला झालेला रस्ता चकाकतो, गाडीच्या पत्र्यावर आभाळ उमटते. हे रूप मूळ कंपनीने दिलेले नाही. ते चाहत्यांनी घडवले आहे आणि त्यामागे पाव शतकाहून अधिक काळाची खटपट आहे.

या खटपटीला दोन वाटा फुटलेल्या दिसतात. पहिली वाट खुद्द खेळ बनवणाऱ्यांनीच मोकळी केली. १९९३ साली आलेल्या ‘डूम’चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, त्याचे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्यातला ध्वनीचा भाग दुसऱ्यांच्या मालकीचा असल्याने डॉसची आवृत्ती देता आली नाही आणि लिनक्सची द्यावी लागली, पण चाहत्यांना तेवढेही पुरेसे होते. ‘क्वेक’चा कोड १९९९ च्या डिसेंबरात आणि ‘क्वेक २’चा २००१ मध्ये आला. कोड हाती असला की चित्र रेखाटणारा भागच नव्याने लिहिता येतो, आणि ‘डार्कप्लेसेस’सारख्या इंजिनांनी तेच केले : १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये हलते प्रकाश आणि खऱ्याखुऱ्या सावल्या आल्या.

बहुतेक कंपन्यांनी मात्र कोड कधीच दिला नाही. तेथे चाहत्यांनी शोधलेली दुसरी वाट या साऱ्या इतिहासातील सर्वांत कल्पक गोष्ट आहे, असे मला वाटते. खेळ ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलत नाही. ‘हा त्रिकोण येथे काढ, त्यावर हे टेक्स्चर (पृष्ठभागाचे चित्र) चढव’ अशा आज्ञा तो डायरेक्टएक्स या विंडोजमधील ग्राफिक्स-यंत्रणेच्या एका फाइलमार्फत पाठवतो. सॅन अँड्रियाससाठी ती फाइल म्हणजे ‘डीथ्रीडी९.डीएलएल’. ही फाइल विंडोज आधी खेळाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधते आणि तेथे नसेल तरच सिस्टिमच्या फोल्डरकडे वळते. त्याच नावाची आपली फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली की प्रत्येक आज्ञा आधी आपल्या हातात येते, आणि ती वाटेत बदलून किंवा तिच्यात भर घालून पुढे धाडता येते. खेळाला याचा पत्ताही लागत नाही.

रशियातील बोरिस व्होरोन्त्सोव्ह यांनी याच युक्तीवर ग्राफिक्स सुधारणारी ‘ईएनबी सीरीज’ उभी केली, आणि सॅन अँड्रियास हा तिच्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक. २००७ च्या ‘क्रायसिस’ने कोपऱ्याकोपऱ्यांत साचणारी मंद सावली दाखवण्याचे तंत्र पुढे आणले होते, ईएनबीमुळे तेच तंत्र त्याहून जुन्या खेळांत उतरले. फोल्डरमधली एक साधी मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, चमक किंवा सावली यांपुढचा आकडा थोडा वरखाली करायचा, खेळ पुन्हा चालू करून पाहायचे, असे करत मुले रात्र रात्र जागवत. शेडर (पडद्यावरचा रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम) म्हणजे काय हे अनेकांना पहिल्यांदा तेथेच कळले.

२०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ पीसीवर आला तेव्हा पडदा कितीही मोठा असला तरी आतले चित्र १०२४ बाय ७२० एवढेच तयार होत असे. पीटर थोमान या चाहत्याची ‘डीएसफिक्स’ ही दुरुस्ती जवळजवळ खेळाबरोबरच आली आणि ती मर्यादा उठली. २०१८ मध्ये ‘ईएसआरगॅन’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे तंत्र आल्यावर ‘मॉरोविंड’सारख्या खेळांतील धूसर टेक्स्चर चौपट मोठे करण्याची लाट आली. काही छान झाले, काही अतिरेखीव.

अधिक रेखीव म्हणजे अधिक चांगले, हे गृहीतच येथे तपासून पाहायला हवे. सॅन अँड्रियासच्या प्लेस्टेशन २ आवृत्तीत नारिंगी झाक आणि दाट धुरकटपणा होता, आणि पीसीवर येताना त्यातले बरेच हरवले. ‘स्कायजीएफएक्स’ या मॉडने (चाहत्यांनी केलेल्या बदलाने) नवे काही जोडण्यापेक्षा हे हरवलेले परत आणण्यावर भर दिला, म्हणून मी ते या क्षेत्रातील सर्वांत समंजस काम मानतो. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको : धुक्यात दरी आहे त्याहून खोल वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये खेळाच्या मूळ कंपनीने स्वतःची सुधारित आवृत्ती आणली तेव्हा ते धुके गेले, डोंगरावरून सगळा नकाशा एका नजरेत दिसू लागला आणि तीन शहरांचे ते विस्तीर्ण राज्य एकाएकी आटले. जुन्या प्रकाशयोजनेचा पर्याय २०२४ च्या नोव्हेंबरात दिला गेला. त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ‘जीटीए ३’ आणि ‘व्हाइस सिटी’चा कोड उलट्या बाजूने उलगडून पुन्हा लिहिणारा ‘री३’ हा चाहत्यांचा प्रकल्प या खेळांची मालकी असलेल्या टेक-टू कंपनीच्या तक्रारीवरून हटवला गेला होता आणि प्रकरण पुढे न्यायालयात पोहोचले.

दोन्ही वाटा अजून चालू आहेत. जानेवारी २०१९ मध्ये क्रिस्टोफ शीड यांनी ‘क्वेक २’ पूर्णपणे पाथ ट्रेसिंगवर चालवून दाखवला. प्रकाशाचा किरण कोठून निघून कोठे आपटला, हे प्रत्येक फ्रेमसाठी मोजले जात होते. २००१ मध्ये खुल्या झालेल्या कोडामुळेच हे जमले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्यावर आधारलेली आपली आवृत्ती काढली. बंद कोडाच्या जुन्या खेळांसाठी त्याच कंपनीचे ‘आरटीएक्स रीमिक्स’ हे साधन आता उपलब्ध आहे. ते खेळाच्या फोल्डरमध्ये जी फाइल ठेवते, तिचे नाव आजही ‘डीथ्रीडी९.डीएलएल’ हेच आहे.